गाडीतला पिवळा दिवा आणि आजची व्हाउचरं

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी गॅरेजवाला नाही. सगळं आयुष्य बँकेत गेलं. पण आपल्या पार्किंगमध्ये कुणी बॉनेट उघडलं की माझे पाय आपोआप तिकडे वळतात, हे तुम्ही पंचवीस वर्षं बघताय. म्हणून कमिटीने विषय दिला: घरच्या घरी गाडीचं काम केलं आणि मग डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला, तर काय करायचं?

आमची पिढी गाडी शिकली ती कुर्ल्याला बनणाऱ्या पद्मिनीवर. कार्बोरेटर, पॉइंट, प्लग. बिघाड कानाने ऐकायचा आणि नाकाने हुंगायचा. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या. आता बॉनेटखाली कॉम्प्युटर आहे, आणि तो आपल्याशी बोलतो तो या दिव्यातून.

हा दिवा आला धुरामुळे. कॅलिफोर्नियात हवा फार बिघडली, तेव्हा गाडीने स्वतःच स्वतःवर नजर ठेवावी अशी कल्पना निघाली. १९९६ पासून अमेरिकेत सगळ्या नव्या मोटारींना ओबीडी-२ सक्तीचं झालं. आपल्याकडे पहिला टप्पा एप्रिल २०१० ला आणि दुसरा एप्रिल २०१३ ला आला. म्हणून गाडी छान पळत असतानाही हा दिवा लागू शकतो. त्याची पहिली काळजी धुराची आहे, आपल्या प्रवासाची नंतर.

आता दिव्याची भाषा. पिवळा आणि स्थिर असेल, गाडी थरथरत नसेल, तर घाबरू नका. सावकाश चालवा आणि लवकर तपासा. पिवळा आणि लुकलुकत असेल, तर बाजूला घ्या. सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाहीये, ते तसंच सायलेन्सरकडच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला जाळतं. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियमसारखे धातू असतात, त्यावरून बिलाचा अंदाज करा. आणि तेलाच्या कॅनचा किंवा थर्मामीटरचा लाल दिवा असेल, तर तो या विषयातलाच नाही. तिथे सुरक्षित जागा बघून लगेच इंजिन बंद.

आता मुद्द्याची गोष्ट. बँकेत संध्याकाळी हिशेब टॅली झाला नाही, तर आम्ही एप्रिलपासूनची लेजरं काढत नसू. आधी आजची व्हाउचरं. कालपर्यंत जुळत होतं ना? मग फरक आजच्या कामात. गाडीलाही हाच नियम. काल दिवा नव्हता, आज हात लावला, आज दिवा लागला. तर ज्याला हात लावला ते आधी बघा.

आपल्या बी विंगमधल्या एका तरुणाचं उदाहरण त्याच्या परवानगीने सांगतो. गणपतीला कोकणात जायचं म्हणून त्याने आदल्या रविवारी एअर फिल्टर बदलला. गाडी सुरू केली, दिवा हजर. दोन दिवसांनी आईला घेऊन कशेडी घाट चढायचा होता. एका गॅरेजने फोनवरच सांगून टाकलं, "सेन्सर गेला, नवीन टाका." त्याने आधी स्वतःचा छोटा स्कॅनर स्टीअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला लावला. कोड आला पी०११३. अर्थ, इनटेक एअर टेंपरेचर सेन्सर, सर्किट हाय. घरच्यांना वाटलं, इंजिनात फार गरम हवा जातेय. पण इथे 'हाय' आहे ते व्होल्टेज. त्याने मोबाइलवर चालू रीडिंग उघडलं, तर हवेचं तापमान उणे चाळीस अंश! जुहूत, ऐन श्रावणात!

सेन्सरचा धागा तुटला की कॉम्प्युटर असंच वाचतो. मी विचारलं, "फिल्टर काढताना काय काय सोडवलंस?" तो म्हणाला, "काका, झाकण, एक क्लिप आणि हा एक प्लग." गाडी बंद करून तो प्लग पुन्हा दाबला. 'टक्' असा आवाज आला. आधी तो बसल्यासारखा दिसत होता, बसला नव्हता. पुन्हा बघितलं तर तापमान तिशीत. खर्च शून्य.

यातून धडा एकच. कोड तक्रार सांगतो, गुन्हेगार सांगत नाही. 'सर्किट' म्हणजे सेन्सर, वायर आणि प्लग, तिन्ही. पार्ट विकत घेण्याआधी ही तिन्ही बघायची.

तेव्हा कामानुसार व्हाउचरं तपासा. एअर फिल्टर बदलला असेल तर झाकणाच्या क्लिपा, रबरी नळीचे क्लॅम्प आणि जवळचे प्लग. स्पार्क प्लग बदलले असतील तर कॉइलचे कनेक्टर. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचा मिसफायर, पी०३०२ म्हणजे दुसऱ्याचा, म्हणजे कुठे बघायचं तेही कळतं. ऑइल बदललं असेल तर डिपस्टिक आणि वरचं झाकण घट्ट आहे का. बॅटरी बदलली असेल तर टर्मिनल. बॅटरी काढल्यावर इंजिनाची चाल थोडा वेळ अडखळू शकते, कॉम्प्युटर पुन्हा शिकत असतो.

दुसरा नियम: कोड आधी वहीत, मग पुसणं. पुष्कळ जण दिवा लागला की ॲपमधून 'क्लिअर' दाबतात. हे फरक सस्पेन्स खात्यात टाकण्यासारखं आहे. त्या दिवशीचं पुस्तक जुळतं, फरक जात नाही. शिवाय दोष आला तेव्हा वेग किती होता, इंजिन किती तापलं होतं, ही नोंदही कोडबरोबर पुसली जाते, आणि मेकॅनिकला तीच हवी असते. दुरुस्ती बरोबर झाली असेल तर दिवा साधारण लागोपाठ तीन निर्दोष फेऱ्यांनंतर आपोआप विझतो. त्या तरुणाने कोडचा फोटो काढला, मग पुसला, पार्ल्यापर्यंत चक्कर मारली. दिवा आला नाही. मग गाडी कोकणात गेली आणि आईही खुशीत गेली.

जुहूपुरतं दोन शब्द. समुद्राची खारी हवा कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर आणते. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली ऊब शोधतात आणि वायरी कुरतडतात. हात लावलेल्या जागी काही सापडलं नाही, तर मग इथे बघा. आणि इंजिनावर जोरात पाण्याचा पाइप मारू नका.

काही पथ्यं पाळाच. प्लग काढण्या-लावण्याआधी किल्ली बाहेर. इंजिन बंद असलं तरी रेडिएटरचा पंखा अचानक फिरू शकतो, हात दूर. नुसत्या जॅकवर टेकवलेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, मग ती पाच मिनिटांची गोष्ट का असेना. आणि जुनं ऑइल आपल्या गटारात नको.

शेवटी एक सूचना, वार्षिक सभेत मांडावी अशी. सोसायटीच्या ऑफिसात एक साधा स्कॅनर आणि एक वही ठेवूया. तारीख, काय काम केलं, कोणता कोड आला, कशाने गेला. दोन वर्षांत त्या वहीचा उपयोग आपल्या प्रत्येक विंगला होईल. वही लिहायची जबाबदारी मी घेतो. ती सवय अजून सुटलेली नाही.