भांडवल : एक शब्द, अनेक अर्थ

व्यापारी मंडळींत 'भांडवल' हा शब्द सकाळपासून संध्याकाळपर्यंत उच्चारला जातो. परंतु बोलणारा व ऐकणारा तो एकाच अर्थानें घेत असतील असा भरंवसा नाहीं. आणि हा अर्थभेद कित्येकांस फार महाग पडतो.

ह्या शब्दाचें नातें संस्कृत 'भांड' शब्दाशीं आहे. भांड म्हणजे पात्र, तसाच विक्रीचा मालही. सामान्य मनुष्य भांडवल म्हणजे गांठचा पैसा समजतो. अर्थशास्त्रज्ञाच्या मतें नवी संपत्ति निर्माण करण्यास उपयोगी पडणारें साधन म्हणजे भांडवल. शेतकऱ्याचा नांगर हें भांडवलच होय. हिशेबनिसाची दृष्टि याहून निराळी. दुकान व मालक यांस तो भिन्न मानतो. म्हणून मालकानें घातलेली रक्कम ताळेबंदांत दुकानाचें मालकास देणें म्हणून दाखविली जाते.

हा नियम विचित्र वाटला तरी त्यांत मोठें शहाणपण आहे. समजा, एखाद्या किराणा दुकानदारानें 50,000 रुपये घालून दुकान मांडलें. वर्षांत नफा झाला 10,000. घरखर्चास उचलले 18,000. गल्ल्यांत रोज पैसा दिसतो, म्हणून तो निश्चिंत असतो. परंतु त्याचें भांडवल 42,000 वर आलेलें असतें. दुकान चालतें आहे असें वाटत असतांच तें खाल्लें जात असतें.

कंपन्यांच्या बाबतींत तर अधिक सावधगिरी हवी. 'अधिकृत भांडवल' ही केवळ भाग काढण्याची कमाल मर्यादा होय. भागधारकांकडून प्रत्यक्ष आलेली रक्कम ती 'वसूल भांडवल'. पहिला आंकडा 10 लाखांचा असून दुसरा 10 हजारांचाच असूं शकतो. खाजगी कंपनीस किमान 1 लाख रुपये वसूल भांडवलाची अट होती, तीही 2015 सालीं रद्द झाली. मात्र जाहिरातींत वा पत्रावर अधिकृत भांडवल छापल्यास विक्रीस गेलेलें व वसूल भांडवलही तितक्याच ठळकपणें छापावें, असें 2013 च्या कंपनी कायद्याचें 60 वें कलम सांगतें. ठेव ठेवणाऱ्यानें तो दुसरा आंकडा अवश्य शोधावा.

मराठींत 'दुसऱ्याच्या अडचणीचें भांडवल करणें' असाही एक प्रयोग रूढ आहे. जो शब्दाचा अर्थ विचारण्यास लाजतो, त्याचें अज्ञान हेंच दुसऱ्या कोणाचें तरी भांडवल होतें.