शत्रूपासून रक्षण मागताना



आम्ही ख्रिस्ती बायका रात्री प्रार्थनेला बसतो तेव्हा लेकरांसाठी मागतो, पाऊसपाण्यासाठी मागतो. पण ‘देवा, शत्रूपासून राख’ म्हणताना जीभ अडते. कारण आमचा शत्रू तलवार घेऊन येत नाही. तो कधी बांध कोरणारा दीर असतो, कधी दारात बसणारा सावकार, कधी दारू पिऊन हात उचलणारा घरधनी. आपल्याच माणसाविरुद्ध देवाकडे गाऱ्हाणं कसं न्यायचं?

बायबलात याची लाज धरलेली नाही. स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत आणि त्यांतल्या कितीतरी स्तोत्रांत शत्रूपासून सोडवण्याची विनवणी आहे. तिसऱ्या स्तोत्राच्या मथळ्यात लिहिलंय, की दावीद राजा पोटच्या मुलापासून, अबशालोमापासून पळत होता तेव्हाचं ते आहे. घरातूनच घाव बसला तरी देवाला सांगता येतं, नाव घेऊन सांगता येतं.

काही स्तोत्रांत शत्रूला कडक शापही आहेत. 109 वं वाचून बघा. मनातला जाळ देवापुढे ओतायचा, तो विळा होऊन हातात येऊ द्यायचा नाही, असं आम्ही त्यातून शिकतो. दावीदानंही तेच केलं. त्याच्या जिवावर उठलेला शौल राजा एन-गेदीच्या रानात एकटाच गुहेत आला. आत दावीद लपलेला होता. त्यानं शौलाच्या झग्याचा काठ तेवढा कापला, जीव घेतला नाही. न्याय देवावर सोपवला.

येशूनं तर छळणाऱ्यासाठीही प्रार्थना करायला सांगितलं. म्हणून आमची प्रार्थना म्हणजे करणी नव्हे. शत्रूचं वाटोळं करून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याच्या नादी लागू नका. अशा अघोरी प्रकारांविरुद्ध आपल्या राज्यात 2013 चा कायदा आहे.

पण बायांनो, शत्रूवर प्रेम करायचं म्हणजे मार खात घरात बसायचं, असा अर्थ कुणी सांगितला तर मान डोलावू नका. त्याचं वाईट चिंतायचं नाही, हे खरं. त्याला वाईट करू द्यायचं, असं कुठं म्हटलंय?

लूकच्या 18 व्या अध्यायात येशूनं प्रार्थनेवरच एक दाखला दिलाय. एक विधवा न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा जाते. माझ्या वैऱ्याविरुद्ध मला न्याय द्या, एवढंच तिचं मागणं. तो न्यायाधीश ना देवाला भिणारा, ना माणसाला मानणारा. पण ती थकत नाही, आणि शेवटी त्याला न्याय द्यावा लागतो. प्रार्थना सोडू नका हे शिकवायला येशूनं उंबरे झिजवणारी बाई निवडली. एस्तेर राणीनंही तीन दिवस उपास केला आणि मग जिवावर उदार होऊन राजापुढे उभी राहिली. तिची माणसं वाचली.

तेव्हा आमेन म्हटल्यावर उठायचं. ख्रिस्ती नवरा मृत्युपत्र न करता वारला आणि मागे मुलं असली, तर 1925 च्या भारतीय वारसा कायद्यानं बायकोला त्याच्या मालमत्तेचा एक तृतीयांश वाटा मिळतो, उरलेला मुलांचा. दीर काही म्हणो, वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे द्या आणि पोच घ्या. वकिलाला पैसे नसले तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. बाईला तिथं वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. घरात मारहाण होत असेल तर 181 लावा. जिवावर बेतलं तर 112.

आणि एक काम गटानं करायचं. बैठकीत प्रार्थना झाली की विचारायचं, ‘या आठवड्यात कुणाला कचेरीत जायचंय? सोबत कोण जाणार?’ एकटीला दटावणारे चौघींपुढे आवाज खाली घेतात. देवाकडे रक्षण मागणाऱ्या बहिणीला सोबत देणं आमच्या हातात आहे.

येत्या बैठकीत हा प्रश्न विचारून बघा.