फुलं सरली, पानं राहू द्या

अ‍ॅमरिलिसचा कंद कसा लावायचा, हे मी आज सांगत बसणार नाही. मान मातीच्या वर ठेवायची, कुंडीत पाणी साचू द्यायचं नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. मला एकच सांगायचंय. फुलं गेल्यावर पानं कापू नका.

मार्च-एप्रिलमध्ये पोकळ दांड्यावर दोन-चार लालभडक फुलं उमलतात. कौतुक होतं, फोटो निघतात. जूनमध्ये लांब पानं कुंडीबाहेर लोळायला लागली, की ‘किती अजागळ दिसतंय’ म्हणत कुणीतरी कात्री आणतंच. काही हौशी मंडळी तर पानांच्या वेण्या घालून रबर लावतात! आणि पुढच्या वर्षी हेच लोक विचारतात, ‘कंद चांगला टणक आहे, मग फूल का येत नाही?’

अहो, येणार कुठून? आपल्याकडे उन्हाळ्यात वर्षाची बेगमी होते, तेव्हा घर काय टापटीप असतं? गच्चीभर जुनी लुगडी अंथरलेली, त्यावर पापड, कुरडया, सांडगे. पाहुणे येणार म्हणून कुणी ते अर्धओलं वाळवण गुंडाळून ठेवतं का? कंदाची बेगमी पावसाळ्यात असते, एवढाच फरक. पानं ही त्याची गच्ची. आणि डबे कुठे? कंद आडवा चिरला तर कांद्यासारखे पापुद्रे दिसतात ना, तेच डबे. ते भरले तरच पुढच्या वर्षी पंगत. वेणी घातली म्हणजे वाळवण घडी करून ठेवलं. ऊन लागणार कुठे?

शिवाय साधारण चार पानांमागे एक फुलदांडा कंदाच्या आत धरतो, बाहेर दिसायच्या कितीतरी महिने आधी. तेव्हा पानं मोजा, कापू नका.

कात्री चालवायचीच असेल तर सुकलेली फुलं आणि त्यामागची हिरवी बोंडं खुडा. बी पोसण्यात कंदाची ताकद जाते. दांडासुद्धा पिवळा पडेपर्यंत राहू द्या.

आणि रोज पानं उलटून बघा. पावसात काळ्या, पांढऱ्या-तांबड्या ठिपक्यांच्या अळ्या एकाच पानावर दाटीवाटीनं बसलेल्या सापडतील. वेचून साबणाच्या पाण्यात टाका, नाहीतर तुम्ही कात्री आवरलीत तरी पानं जायची ती जाणारच.

मे महिन्यात तांबडा चेंडू फुलवणाऱ्या फुटबॉल लिलीचंही हेच. तिची पानं दिवाळीच्या सुमारास आपोआप पिवळी पडतात. मग पाणी तोडायचं.

एवढं लक्षात ठेवा. पान पिवळं पडून हाताला सहज सुटलं तर काढा. हिरवं असेल तर हात लावू नका. आणि कृपा करून त्या वेण्या आजच सोडा.