पहिला रिपोर्ट म्हणजे निकाल नव्हे

गरोदरपणात एचआयव्हीची तपासणी आता गावच्या उपकेंद्रातही होते. सिस्टर बोटाला टोचून रक्ताचा थेंब किटवर घेतात. बहुतेकींना काही निघत नाही. पण एखादीला सांगतात, "पुढच्या तपासणीला मोठ्या दवाखान्यात जा." तेवढ्यावरच घरात रडारड होते, सुनेला माहेरी धाडायची भाषा निघते. आजचं बोलणं त्या बाईसाठी आहे.

हे किट विषाणू शोधत नाही. विषाणूशी लढायला शरीर जी प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, तयार करतं ती शोधतं. कधी दुसऱ्याच कारणानं रक्तात तशीच प्रतिपिंडं असतात आणि किट फसतं. तांदूळ निवडताना संशय आला की आपण चांगला दाणाही खड्याबरोबर बाजूला काढतो, मग पुन्हा निरखून बघतो. तसंच हे.

हिशेब करून बघा. समजा, १००० बायका तपासल्या आणि खरी लागण दोघींनाच आहे. किट शंभरात एकदा चुकलं, तरी दहा निरोगी बायका पॉझिटिव्ह दिसतील!

म्हणून पुढची तपासणी आयसीटीसी केंद्रात होते. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयात असं केंद्र आहे. तिथं वेगवेगळ्या बनावटीची तीन किट वापरतात. तिन्ही पॉझिटिव्ह आली, तरच लागण आहे असं सांगतात. उत्तर उलटसुलट आलं, तर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा रक्त घेतात.

मग आपण काय करायचं? रक्त देताना नळीवर आपलंच नाव आहे ना, ते बघा. खासगी लॅबचा एकच रिपोर्ट हातात असेल, तर तो घेऊन आयसीटीसीत जा. तिथं तपासणी मोफत होते आणि समुपदेशक समजावून सांगतात. आईची प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात उतरतात, म्हणून अठरा महिन्यांच्या आतल्या बाळाचा निकाल या किटवर ठरवत नाहीत. त्याच्यासाठी खुद्द विषाणू शोधणारी वेगळी तपासणी असते.

आणि लागण पक्की ठरलीच, तर औषध लगेच सुरू करा. तेही मोफत मिळतं. वेळेवर घेतलं, तर बाळाला लागण होण्याचा धोका फार कमी होतो.

२०१७ च्या कायद्यानं तुमच्या संमतीशिवाय ही तपासणी करता येत नाही, की रिपोर्ट चारचौघांत सांगता येत नाही. शंका असेल तर १०९७ वर फोन करा, पैसे पडत नाहीत.

बचत गटाच्या बैठकीत कुणाच्या रिपोर्टची कुजबुज कानावर आली, तर तिथंच थांबवा. त्या बाईला एकटी सोडू नका, तिच्याबरोबर केंद्रात जा.