मेंदूची आकृती : चार मार्कांची आणि त्यानंतरची

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर एआयवर बोल." मी हो म्हटलं आणि नंतर विचार बदलला. कृत्रिम मेंदूवर सगळेच बोलतात. मी आज खऱ्या मेंदूवर बोलणार आहे. मी डॉक्टर नाही. आपल्या तुकडीतले डॉक्टर पहिल्याच रांगेत बसले आहेत, माझं कुठे चुकलं तर त्यांनी इथेच टोकावं.

शास्त्राच्या बाई आपल्याकडून मेंदूची आकृती काढून घ्यायच्या, आठवतं? चार मार्क. पेन्सिलीला टोक असलंच पाहिजे, नावं उजवीकडे एका रेषेत आली पाहिजेत. मला चारपैकी चार मिळाले होते. मागच्या वर्षी माझ्याच घरात त्या आकृतीची परीक्षा झाली आणि मी जवळजवळ नापास झाले. ती गोष्ट सांगते.

श्रावणात आई वाडीत घसरली. विहिरीच्या कट्ट्यावर शेवाळ होतं, डोकं पायरीला आपटलं. रक्त नाही, चक्कर नाही, उलटी नाही. एक टेंगूळ आलं आणि दोन दिवसांत ओसरलं. आम्ही विषय संपवला.

तीन-चार आठवड्यांनी आई दुपारीसुद्धा झोपू लागली. डोकं जड वाटतं म्हणायची. चालताना भिंतीचा आधार घ्यायची. आमच्याकडे जुई आहे, अबोली आहे, आई रोज संध्याकाळी गजरे ओवते. तिच्या उजव्या हातातून सुई पडायला लागली. एकदा मला तिने माझ्या मावशीच्या नावाने हाक मारली. मी घरून काम करते. म्हणजे हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं. मी काय केलं? दोन कॉलच्या मधल्या वेळात ऑनलाइन वॉकर मागवला आणि भावाला कळवलं, "आईचं आता वय झालं."

गौरीच्या हळदीकुंकवाला आपल्या बाई आमच्याकडे आल्या. आईने त्यांना ओळखलं, पण बोलताना शब्द सापडेनात. बाई थोडा वेळ बघत राहिल्या, मग मला स्वयंपाकघरात बोलावून विचारलं, "मध्ये कुठे पडल्या होत्या का?" मी म्हटलं, "हो, महिना झाला. पण तेव्हा काहीच झालं नव्हतं." बाई म्हणाल्या, "वय असं महिन्याभरात येत नाही गं. आजच्या आज स्कॅन कर." त्यांच्या थोरल्या भावाला नेमकं हेच झालं होतं.

आता आकृतीकडे येऊ. कवटीच्या आत मेंदूवर तीन आवरणं असतात. सगळ्यांत बाहेरचं जाड आणि चिवट, कवटीला लागून. मधलं कोळ्याच्या जाळ्यासारखं. आतलं अगदी पातळ, मेंदूच्या प्रत्येक घडीत शिरलेलं. मधल्या आणि आतल्या आवरणामध्ये पाणी असतं, आपण पाठ केलेला 'प्रमस्तिष्क-मेरुद्रव'. हा द्रव एका वेळी साधारण १५० मिलिलिटर असतो, पण दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर तयार होतो. म्हणजे तो दिवसातून तीन-चार वेळा पूर्ण बदलतो. जवळजवळ १४०० ग्रॅमचा मेंदू या पाण्यात तरंगतो, म्हणून त्याचा भार फक्त ५० ग्रॅमच्या आसपास जाणवतो. तसं नसतं तर मेंदू स्वतःच्याच वजनाने दबला असता.

वय वाढतं तसा मेंदू थोडा आकसतो. मेंदूपासून बाहेरच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा मग ताणल्या जातात. अशा वेळी लहानसा धक्काही एखादी शीर तोडायला पुरतो. शिरेतला दाब कमी, म्हणून रक्त भसकन येत नाही, थेंबाथेंबाने झिरपतं. बाहेरच्या आणि मधल्या आवरणामध्ये ते आठवडे न् आठवडे साठत राहतं. कवटी हाडाची, ती काही फुगत नाही. दबतो तो मेंदू. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर धोका आणखी वाढतो. आईला अँजिओप्लास्टीनंतर तशी गोळी चालू होती. आमच्या क्षेत्रात याला मेमरी लीक म्हणतात: पहिल्या दिवशी काहीच दिसत नाही, महिन्याने सगळी सिस्टीम मंदावते. असले लीक शोधण्याचाच मी पगार घेते, आणि घरातला मला दिसला नाही.

त्याच संध्याकाळी वसईत सिटी स्कॅन झालं. डाव्या बाजूला रक्त साठून मेंदू एका बाजूला सरकला होता. डावा मेंदू उजव्या हाताला चालवतो, म्हणून उजव्या हातातली सुई पडत होती. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला आम्ही रुग्णवाहिकेने मुंबईला निघालो. पहाटेच का, ते वसईकरांना सांगायला नको. कवटीला दोन छोटी छिद्रं पाडून साठलेलं रक्त बाहेर काढलं. सर्जन म्हणाले, गाडीच्या जुन्या ऑइलसारखं काळपट होतं. तिसऱ्या दिवशी आईने विचारलं, "जुई कोणी खुडली का? की सगळी झाडावरच सुकली?" तेव्हा मी वॉर्डबाहेर जाऊन रडले.

आईच्या बाबतीत आम्हाला महिनाभर वेळ मिळाला. पक्षाघातात तो मिळत नाही. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटा घेतो आणि साठवून काहीच ठेवत नाही. मानेतून चार धमन्या वर जातात, दोन पुढून, दोन मागून. मेंदूच्या तळाशी त्यांचं एक कडं होतं. थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरने १६६४ च्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला विलिसचं वर्तुळ म्हणतात. एक वाट अडली तर दुसरीकडून रक्त यावं, अशी ही सोय आहे. पण पुष्कळांत हे कडं पूर्ण जुळलेलं नसतं, आणि कड्याच्या पुढची फांदी बंद झाली तर त्याचा फारसा उपयोग होत नाही. मोठी धमनी तुंबली की मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात असा अंदाज आहे.

म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवा. तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात किंवा पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, किंवा अचानक तोल गेला वा दिसेनासं झालं, की थांबायचं नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांत द्यावं लागतं, आणि तेही स्कॅन झाल्यावरच. रुग्ण शेवटचा ठीक कधी दिसला, ती वेळ कागदावर लिहून घ्या, डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात. काही रुग्णांत नळी घालून गुठळी काढता येते, तिथे मुदत जास्त असते, पण म्हणून उशीर करू नका. रुग्णाच्या तोंडात पाणी घालू नका, आणि स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन देऊ नका. गुठळी आहे की रक्तस्राव, हे बाहेरून कळत नाही आणि दोन्हींचे उपचार उलट आहेत. आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं एका क्षणात फुटल्यासारखं दुखलं, तर तीही तातडी समजा. रक्तवाहिनीवरचा फुगा फुटून त्या द्रवात रक्त उतरल्याची ती खूण असू शकते.

पाठीतल्या पाण्याबद्दलही थोडं सांगते. ताप, डोकेदुखी, मान ताठ, उजेड सहन होत नाही, अशी लक्षणं असली की डॉक्टरांना आवरणांची सूज, म्हणजे मेनिंजायटिस, आहे का हे बघावं लागतं. त्यासाठी पाठीतून पाणी काढतात. "पाणी काढलं की माणूस अधू होतो," हे आपण सगळ्यांनी ऐकलंय आणि त्या भीतीने नकार देणारी घरंही पाहिली आहेत. मेरुरज्जू कमरेच्या वरच संपतो, सुई त्याच्या खाली घालतात. चाचणीनंतर काही दिवस डोकं दुखू शकतं. पण उपचार लांबला तर त्याची किंमत फार मोठी असते.

आता आपल्या गावाचं. इथून मुंबई पन्नास-साठ किलोमीटर, पण वर्सोवा पुलाजवळची कोंडी किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. २०२५ च्या पावसाळ्यात महामार्गावर अडकलेल्या रुग्णवाहिकेत एका जखमी महिलेचा जीव गेला, ती बातमी आपण सगळ्यांनी वाचली. पक्षाघातातले साडेचार तास त्या पुलावर घालवून चालणार नाही. म्हणून माझी एक विनंती आहे. वसई, नालासोपारा, विरारमध्ये रात्री दोनलाही सिटी स्कॅन कुठे होतं, ते इंजेक्शन कुठे देतात, हे आपल्या डॉक्टर मित्रांनी फोन करून विचारावं. यादी मी करते आणि दर तीन महिन्यांनी तपासते, जुनी यादी घातक असते. ग्रुपवर गुड मॉर्निंगच्या फुलांखाली ती बुडू नये म्हणून पिन करून ठेवू. तुम्ही एकच करा. घरी गेल्यावर आईवडिलांना विचारा, "गेल्या दोन महिन्यांत कुठे पडला होतात का?" ते आपण होऊन सांगत नाहीत, विचारावं लागतं.

बाई, तुम्ही त्या दिवशी हळदीकुंकू घेऊन गेला असतात, तर मी आज इथे बोलायला उभी नसते. मगाशी सर्व शिक्षिकांना दिलेले गजरे आईने स्वतः ओवलेत. उजव्या हाताने, एकदाही सुई न पाडता. तिने निरोप दिलाय, तुमचा गजरा थोडा जास्त लांब आहे.