ओट्यावरची दिवाळी पहाट

आजचा एपिसोड बिनमाइकच्या गाण्याबद्दल आहे. हो, माइकसमोर बसूनच बोलतेय, माहितीये मला.

दिवाळीच्या पहिल्या सकाळी डोंबिवलीची पोरंपोरी कुठे असतात हे सांगायला नको. फडके रोड! नवे कपडे, गणपतीचं दर्शन आणि मग फोटोच फोटो. मीही जाते. पण गेली तीन वर्षं त्याआधी आमच्या गल्लीतल्या एका जुन्या इमारतीच्या ओट्यावर सतरंज्या घालायचं काम माझ्याकडे असतं. तिथे गाणं होतं, आणि गाणारे-वाजवणारे सगळे गल्लीतलेच.

अमेरिकेत असल्या प्रकाराला पोर्चफेस्ट म्हणतात. २००७ साली न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावात शेजाऱ्यांनीच तो सुरू केला. घरापुढच्या पडवीत वादक, समोर फुटपाथवर ऐकणारे. बोस्टनजवळच्या समरविलमध्ये तर दोन-दोन तासांच्या अंतराने संगीत शहराच्या पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत जातं. मुख्य स्टेज असं नाहीच. आपल्याकडे ओटा आहे, गॅलरी आहे, जिना आहे. अजून काय पाहिजे?

वेळ मात्र जपावी लागते. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. सणासुदीला सरकार सवलत देतं ती रात्री १२ पर्यंतची, पहाटेची नाही. आणि बंदी फक्त लाउडस्पीकरवर नाही, उघड्यावर वाद्य वाजवण्यावरही आहे. म्हणून आमची 'पहाट' ६ ला सुरू होते. त्या दिवसांत सूर्य साडेसहाच्या पुढेच उगवतो, त्यामुळे ललत गायला वेळ उरतो. ललतमध्ये पंचम नाही, म्हणून तानपुऱ्याच्या ॲपवर 'म' लावायचा. हे मला काकूंनी शिकवलं.

काकू म्हणजे आमच्या गायिका. गल्लीतल्या निम्म्या पोरांना त्यांनी सा लावायला शिकवलंय, पण त्यांना सलग अर्धा तास गाताना कुणी ऐकलेलंच नव्हतं. माइक नसला की दुसऱ्या मजल्यापर्यंत आवाज जातो, फक्त स्कूटर बंद हव्यात. फटाक्यांसाठी पोरांशी तह करावा लागतो. सव्वासातपर्यंत एकही नाही, नंतर आम्ही काही बोलणार नाही. (यातले दोघं तिघं दरवर्षी फितूर होतात.)

खरी अडचण पैशांची. थिएटरातल्या दिवाळी पहाटेचं तिकीट मुकाट्याने काढणारी माणसं इथे म्हणतात, "घरचंच तर आहे, काकूंना कसले पैसे द्यायचे?" मला याचा राग येतो. घरचंच म्हणून आपण वायरमनला फुकट बोलावतो का? पहिल्या वर्षी आम्ही घरामागे १०० रुपये काढले, पाकिटं केली आणि गाणं सुरू व्हायच्या आधीच हातात दिली. नंतर द्यायचं म्हटलं की फराळात विषय बुडतो.

काकूंनी पाकीट परत केलं. "अगं, मी तुमच्याकडून घेऊ?" सगळ्यांना बरं वाटलं. मोठं मन वगैरे. तेवढ्यात तबल्यावर बसलेला पोरगा हळूच म्हणाला, "काकू, तुम्ही नाही घेतलंत तर मला कसं घेता येईल?" तो ऑर्केस्ट्रात वाजवून कॉलेजची फी भरतो. दिवाळीतली एक सकाळ त्याने आम्हाला दिली होती.

काकू क्षणभर गप्प बसल्या. मग पाकीट पर्समध्ये ठेवलं आणि त्याला म्हणाल्या, "दवाने उतरलाय बघ तबला. लाव आधी."

यंदा शेजारच्या इमारतीतला एक बासरीवालाही आहे. त्याचं पाकीट तयार आहे. सतरंज्या मात्र दोन कमी पडतायत, कुणाकडे असतील तर कळवा.