कुलूपबंद आधार आणि खुला ज्ञानकोश
(शिक्षक, ग्रंथपाल व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्ञानकोशातील विधानाचे मोल त्याच्या आधारावर ठरते. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा ज्ञानकोश किंवा तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली सिद्ध झालेला मराठी विश्वकोश उघडणारा वाचक त्यामागील विद्वानांच्या अधिकारावर विश्वास ठेवतो. इंटरनेटवरील विकिपीडियाची गोष्ट वेगळी आहे. २००१ साली सुरू झालेल्या आणि २००३ पासून मराठीतही उपलब्ध असलेल्या या कोशात कोणीही लिहू शकतो. लेखकाची योग्यता तेथे विचारली जात नाही. प्रत्येक वादग्रस्त विधानामागे विश्वसनीय आधार आहे की नाही, एवढेच पाहिले जाते. संदर्भ हाच तेथील अधिकार होय.

अडचण येथेच सुरू होते. कोश सर्वांना खुला असला, तरी त्याचे उत्तम आधार पुष्कळदा वर्गणीच्या कुलपाआड असतात. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचेच उदाहरण पाहावे. १९७२ च्या दुष्काळातील अनुभवाने बळ मिळालेल्या या योजनेला १९७७ च्या अधिनियमाने कायद्याचे रूप दिले व तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. २००५ साली संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता. या योजनेवरील महत्त्वाची चर्चा ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ या मुंबईच्या साप्ताहिकात झाली. त्याचे जुने अंक ‘जेस्टोर’सारख्या संग्रहात आहेत, परंतु ते पूर्णपणे वाचण्यासाठी सामान्यतः वर्गणी किंवा वर्गणीदार संस्थेचे सदस्यत्व लागते. ज्या गावांतील मजुरांविषयी ते लेख लिहिले गेले, त्या गावांतील शिक्षकाला किंवा सरपंचाला ते सहजी उघडता येत नाहीत.

मग असे आधार वर्ज्य मानावेत काय? विकिपीडियाचे धोरण याचे उत्तर नकारार्थी देते. आधार मिळविण्यास कष्ट किंवा पैसा लागतो, एवढ्या कारणावरून तो नाकारता येत नाही. दुर्मीळ ग्रंथ एखाद्याच ग्रंथालयात असला म्हणून तो खोटा ठरत नाही, तद्वतच हे आहे. केवळ फुकट मिळणाऱ्या मजकुरावर कोश उभारला, तर परिश्रमपूर्वक केलेले संशोधन बाजूला पडेल आणि ऐकीव माहितीला मोकळे रान मिळेल.

परंतु या सवलतीबरोबर जबाबदारीही येते. कुलूपबंद आधार देणाऱ्याने संदर्भ इतका पूर्ण द्यावा, की वर्गणी नसलेल्या वाचकालाही तो अन्य मार्गाने शोधता यावा. लेखकाचे नाव, लेखाचे शीर्षक, नियतकालिक, वर्ष, खंड, अंक आणि पृष्ठ या गोष्टी वगळू नयेत. लेखाला ‘डीओआय’ हा कायम ओळख क्रमांक असल्यास तोही द्यावा. संगणकाच्या पडद्यावरील लांबलचक पत्ता तेवढा उतरवून ठेवणे पुरेसे नाही. तो अनेकदा त्या वर्गणीदाराच्या प्रवेशापुरताच चालतो. ‘हायबीम’ नावाच्या संग्रहाने २०१२ साली विकिपीडियाच्या संपादकांना मोफत प्रवेश दिला होता. तो संग्रह २०१८ साली बंद झाला. ज्यांनी मूळ वृत्तपत्राचे नाव व दिनांक नोंदविले होते, त्यांचे संदर्भ टिकले. ज्यांनी केवळ दुवा दिला होता, त्यांचे दुवे निर्जीव झाले. संग्रह म्हणजे आधार नव्हे. ती आधार ठेवण्याची कोठी होय.

आणखी तीन पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. पहिले, विनाशुल्क दिसणारा गोषवारा वाचून संपूर्ण लेखाचा हवाला देऊ नये. जेवढे वाचले तेवढ्याचाच आधार घ्यावा. दुसरे, वर्गणी लागत असल्याची खूण संदर्भाशेजारी करावी आणि त्याच लेखाची अधिकृत खुली प्रत असल्यास तिचा दुवाही जोडावा. तिसरे, वर्गणीदाराला वाचण्याचा हक्क मिळतो, वाटण्याचा नव्हे; यास्तव मूळ मजकूर उतरवून न घेता आशय स्वतःच्या शब्दांत मांडावा.

कुलपे उघडण्याचे प्रयत्नही होत आहेत. विकिपीडियाच्या ग्रंथालय योजनेतून अनुभवी संपादकांना अनेक संग्रह विनामूल्य वाचता येतात. त्यासाठी सामान्यतः सहा महिन्यांचे खाते आणि पाचशे संपादने अपेक्षित असतात. भारत सरकारने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपयांची तरतूद असलेल्या या योजनेतून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके केंद्र व राज्य शासनांच्या उच्च शिक्षणसंस्थांना आणि केंद्रीय संशोधन संस्थांना उपलब्ध होतात. प्राथमिक शाळा व ग्रामपंचायती मात्र तिच्या कक्षेत येत नाहीत. म्हणूनच अशा महाविद्यालयांतील प्राध्यापक व ग्रंथपाल यांचे कर्तव्य वाढते. त्यांनी वाचावे आणि मराठी ज्ञानकोशात साधार लिहावे. म्हणजे बंद दालनातील ज्ञानाचे सार तरी गावापर्यंत पोहोचेल.

वाचकाचेही एक कर्तव्य आहे. संदर्भ उघडत नाही म्हणून विधान खोटे समजू नये आणि संदर्भाचा आकडा दिसतो म्हणून ते डोळे मिटून खरेही मानू नये. मराठी विश्वकोश व जिल्हा गॅझेटियर इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यांच्याशी ताडून पाहावे, ग्रंथपालाची मदत घ्यावी. दुष्काळ, पाणी, मजुरी यांविषयी ग्रामसभेत मांडलेला आकडा कोठून आला, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे. त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची वाट मोकळी ठेवणे, हाच संदर्भ देण्यामागील खरा हेतू होय.